दंडावरची वेधशाळा

अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला भरतीची वेळ कोणास विचारावी लागत नाही. त्या दिवशीची तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी आणि आलेला आकडा हीच पूर्ण भरतीची वेळ समजावी, हा हिशेब येथील कोळी, आगरी आणि वाडीवाले पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. अष्टमीस सहाची भरती, दशमीस साडेसातची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आगेमागे उधाणाचे पाणी. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाऊ पाहणारा जाणता मनुष्य वाळूवर उभा राहून पाणी या घटकेला किती आहे एवढेच पाहत नाही. ते चढते आहे की उतरते आहे आणि कोणत्या वेगाने, हे तो आधी पाहतो, कारण गुडघाभर पाणी ओहोटीचे असेल तर किल्ला पाहून सुखरूप परत येता येते आणि तेच गुडघाभर पाणी भरतीचे असेल तर परतीची वाट बुडते. पाण्याची उंची दोन्ही वेळा एकच असते. अर्थ मात्र परस्परविरुद्ध असतो.

मधुमेह झालेल्या माणसाला आजवर आपल्या रक्ताविषयी जी माहिती मिळत आली, ती अशी एका घटकेला मोजलेल्या पाण्याच्या उंचीसारखी होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा तालुक्याच्या गावी जावे, उपाशीपोटी रक्त द्यावे, न्याहारी किंवा जेवण करून दोन तासांनी पुन्हा द्यावे, आणि ‘उपाशी ११८, जेवणानंतर १८६’ असा मजकूर असलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवावा, हा घरोघरचा शिरस्ता आहे. हा कागद खोटे बोलत नाही; पण त्याची साक्ष दोन क्षणांपुरती असते, आणि उरलेल्या अहोरात्रात, विशेषतः माणूस झोपेत असताना काय घडून गेले, याविषयी तो मूक असतो. तीन महिन्यांची सरासरी म्हणून ज्या एचबीएवनसी चाचणीचा हवाला दिला जातो, ती रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचे प्रमाण मोजते. पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे तेवढ्या काळाचा एकंदर ताळेबंद तिच्यात उतरतो, हे खरे आणि मोलाचेही. परंतु ज्या खाडीची सरासरी खोली कमरेएवढी, तिच्यात होडी रुततेही आणि माणूस बुडतोही.

या सगळ्या व्यवहारात साखर किती थोडी असते, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असते. म्हणजे सगळ्या रक्तातील साखर एकत्र केली तर ती पाच ग्रॅमच्या आतबाहेर, चहाचा एक चमचा, भरेल. ताटातल्या भाताच्या एका मुदीतून याच्या कितीतरी पट साखर दोन तासांत रक्तात येऊन पडते, आणि तरीही निरोगी देहात हा चमचा सांडत नाही की रिकामा होत नाही. कारण आलेली साखर पेशींत आणि यकृताच्या कोठारात जमा करविण्याचे काम स्वादुपिंडातून सुटणारे इन्सुलिन करते, आणि उपवासाच्या वेळी तीच कोठारातून बाहेर काढविण्याचे काम ग्लुकॅगॉन करते. जमेचा आणि खर्चाचा असे हे दोन कारकून क्षणोक्षणी एकमेकांची रुजवात घेत असतात. मधुमेहात जमेचा कारकून एक तर नाहीसा होतो, किंवा त्याच्या हुकुमाला पेशी जुमानीनाशा होतात. आणि मग त्याच्या जागी औषध घेणाऱ्या माणसाला, आपल्या अंगात दर मिनिटाला चाललेला हा जमाखर्च स्वतः सांभाळावा लागतो, तोही चोपडी न पाहता.

ही चोपडी पाहण्याची खटपट फार जुनी आहे. मधुमेह हे नावच मुळी मूत्राच्या गोडीवरून पडले, आणि त्याकडे मुंग्या धावतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांच्या ध्यानात आलेली होती. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने ती गोडी साखरेचीच असल्याचे दाखविले. आमच्या आधीच्या पिढीला परीक्षानळीतले निळे बेनेडिक्ट द्रावण आठवत असेल: त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवावे आणि रंग हिरव्यावरून पिवळा, नारिंगी, विटकरी होतो का हे श्वास रोधून पाहावे. पण मूत्रपिंडे रक्तातील साखर १८० मिलिग्रॅमच्या सुमारास पोचेपर्यंत ती बाहेर सोडीतच नाहीत. खारेपाटात खाडीचे पाणी बांधावरून सांडू लागले म्हणजेच शेतकऱ्याला कळावे, बांधाच्या पलीकडे ते चढत असताना कळू नये, तसा हा प्रकार. आणि पाणी फार खाली गेले, म्हणजे साखर धोक्याइतकी उतरली, तर या परीक्षेत काहीच दिसत नसे. १९६०च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग पालटणाऱ्या पट्ट्या आल्या, पुढे तो रंग वाचणारी यंत्रे आली, आणि बोटाला टोचून घरच्या घरी आकडा पाहण्याची सोय झाली. या सोयीचे महत्त्व कमी लेखणे अन्यायाचे होईल. आज आमच्या उपकेंद्रांत तीस वर्षांवरील माणसांची तपासणी होते ती याच छोट्या यंत्रावर.

एकेका क्षणाच्या नोंदीकडून अखंड नोंदीकडे जाण्याचा प्रवास शास्त्राच्या एका वेगळ्याच शाखेत आमच्या अलिबागने फार पूर्वी पाहिला आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घेतले जात, आणि प्रारंभी निरीक्षकाने ठरलेल्या वेळी दुर्बिणीत डोळा लावून आकडा लिहून ठेवावा, अशी पद्धत होती. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची जी मोजणी आजचे शास्त्रज्ञ आधाराला घेतात, ती अशाच डोळ्यांनी वाचलेल्या आकड्यांची आहे. पुढे चुंबकाला लहान आरसा जोडून, त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या संवेदनशील कागदावर पाडण्याची युक्ती आली, आणि दोन वेधांच्या मधल्या अंधारात काय होते, ते रेषेच्या रूपाने उमटू लागले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने ही सूक्ष्म नोंद बिघडणार, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली, लोखंडाचा अंशही इमारतीत येऊ नये अशी दक्षता घेऊन, १९०४ साली अलिबागेत नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. जुन्या आणि नव्या ठिकाणची नोंद १९०६ पर्यंत जोडीने चालवून एकमेकांशी ताडून पाहिली गेली, आणि ती परंपरा येथे अद्याप चालू आहे. लहानपणी त्या आवाराजवळून जाताना ‘येथे लोखंड नेत नाहीत’ एवढेच मला ठाऊक होते. रेष आणि ठिपका यांतले अंतर मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, माझ्या आत्याच्या दंडावर.

रक्तातील साखरेची अशी अखंड रेष काढण्याचा पाया लेलँड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६२ साली घातला. एका बुरशीपासून मिळणारे ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर अनेक पदार्थांच्या गर्दीतून ग्लुकोजलाच नेमके ओळखते आणि त्याचे ऑक्सिडीकरण करते. त्या क्रियेत सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युदग्राने टिपले, की ग्लुकोज जितके अधिक तितका प्रवाह अधिक, अशी सरळ मोजणी हाती येते. कल्पना सोपी होती. ती माणसाच्या कातडीखाली दिवसेंदिवस टिकवून ठेवणे मात्र अतिशय अवघड निघाले, कारण शरीर परक्या वस्तूभोवती दाह उत्पन्न करते, विकर दुबळे होत जाते, आणि प्रवाह इतका सूक्ष्म असतो की त्यात इतर रसायनांची भेसळ सहज होते. १९९९ साली अमेरिकेत पहिल्या अखंड नोंदीच्या उपकरणास मान्यता मिळाली. २००१ साली मनगटावर बांधण्याच्या एका घड्याळवजा यंत्रासही ती मिळाली. ते कातडीतून सौम्य विद्युत्प्रवाहाने द्रव ओढून घेई, परंतु त्या जागी चुणचुण आणि दाह होत असल्याने लोकांनी ते टाकून दिले. २०१४ साली युरोपात अ‍ॅबट कंपनीचे ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ आले, वापरणाऱ्याने रोज बोट टोचून ज्याची जुळणी करावी लागत नाही असे. आणि पुढल्याच वर्षी त्याचा, आकडे डॉक्टरांनीच पाहावयाचा, एक प्रकार भारतात दाखल झाला.

आत्याला बसविलेला सेन्सर ‘फ्रीस्टाइल लिब्रे’च्याच जातीचा, पण आकडे घरी पाहता येणारा. ती नागावला राहते. नारळी-पोफळीची वाडी, विहीर, पाठीमागे समुद्राची गाज. वय पंचाहत्तरीच्या घरात, अंगाने काटक, मधुमेह वीस वर्षांचा, आणि सकाळ-संध्याकाळ घ्यावयाचे मिश्र इन्सुलिन सात-आठ वर्षांपासून. चांदीच्या जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी आणि पाच मिलिमीटर जाडीची ती पांढरी चकती दंडाच्या मागल्या बाजूस स्पिरिटने पुसलेल्या जागी टेकवून दाबली, खट्ट असा आवाज झाला, आणि आत्या म्हणाली, “टोच की आता, किती वेळ लावतोस!” टोचणे होऊन गेले होते. आत शिरलेली सुई लगेच बाहेर निघते आणि आत राहतो तो केसासारखा लवचीक तंतू, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, कातडीखाली सुमारे पाच मिलिमीटर पोचणारा; त्याच्याच टोकाशी ते विकर आणि विद्युदग्र असते. तासाभराने तो बोलू लागतो, आणि चौदा दिवस दर मिनिटाला साखर मोजून, मोबाइल जवळ नेला की शेवटच्या आठ तासांची रेष त्याच्या स्वाधीन करतो. आकड्याशेजारी एक बाण असतो: आडवा असेल तर साखर स्थिर, वर वळलेला असेल तर चढती, खाली वळलेला असेल तर उतरती. आत्याने चष्मा पुसून त्या बाणाकडे पाहिले आणि “म्हणजे भरती आहे” एवढेच म्हटले; त्या चौदा दिवसांत त्या बाणांना आमच्या घरात दुसरे नाव पडले नाही.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो न कळल्याने पुष्कळांचा या साधनावरचा विश्वास अकारण उडतो. तंतू रक्तवाहिनीत नसतो. पेशींच्या मधल्या पाणथळ जागेत, ऊतकद्रवात असतो, आणि रक्तातील साखर तेथे झिरपत पोचावयास पाच-दहा मिनिटे लागतात. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याला, भरती लागली म्हणजे ते पाणी आत रोह्याच्या बाजूला चढावयास वेळ लागतो. दोन्हीकडची उंची एका घटकेला सारखी नसते म्हणून खाडी खोटी ठरत नाही. साखर स्थिर असेल तेव्हा बोटाचा आकडा आणि दंडाचा आकडा जवळजवळ येतात. ती वेगाने चढत-उतरत असेल तेव्हा त्यांत अंतर पडते. शिवाय स्थिर वेळीही सेन्सरच्या आकड्यात सरासरी नऊ-दहा टक्के कमजास्त गृहीत धरावे लागते. सेन्सरच्या कुशीवर झोपून दंड दाबला गेला तर तेथला द्रव कमी होऊन साखर उतरल्याचा भास होतो. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या तर काही सेन्सर ती अधिक दाखवितात. म्हणून अंगाला जाणवते एक आणि यंत्र सांगते दुसरे, असे झाले की बोटाला टोचून खात्री करून घ्यावी, हा नियम हे सेन्सर तयार करणारेच सांगतात.

तिसऱ्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी सहज जागा झालो म्हणून आत्याच्या दंडाशी मोबाइल नेला. आकडा ५८ होता आणि बाण खाली. ती त्या कुशीवर झोपली असेल म्हणून मी आधी साशंक झालो. पण ती उताणी होती, आणि उशीचा अभ्रा भिजलेला होता. बोटाला टोचले: ६४. ७० च्या खाली साखर गेली की तिला उतरलेली म्हणावयाचे, आणि ५४ च्या खाली गेली की ती गंभीर, ही आज वैद्यकात सर्वमान्य असलेली मर्यादा आहे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आत्याला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, आकडा वर सरकू लागला होता. शुद्धीवर असलेल्या माणसासाठी हा उपाय आहे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा, कारण साखरेचे पाणी श्वासनलिकेत जाऊन दुसराच अनर्थ ओढवतो.

“असा घाम मला रोजच येतो,” आत्या म्हणाली. “उकाड्याचा.”

वर्षभर ती तो घाम उकाड्याच्या, वीज गेल्याच्या, वयाच्या खात्यावर टाकीत आली होती, आणि तिच्या पिशवीतल्या प्रत्येक कागदावर उपाशीपोटीचा आकडा १०५ ते १२० च्या दरम्यान, सर्वांना समाधान वाटावे असा होता. सकाळी रेष पाहिली तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळच्या मिश्र इन्सुलिनमधला सावकाश काम करणारा भाग टोचल्यानंतर काही तासांनी आपला पूर्ण जोर दाखवितो. आत्या पूर्वी नऊला जेवत असे, अलीकडे दात गेल्यापासून साडेसातला पेजेसारखे थोडेसे घेऊन निजू लागली होती, आणि मात्रा तीच राहिली होती. मध्यरात्रीनंतर अन्नाचा पुरवठा संपलेला आणि औषधाचा अंमल ऐन भरात, अशा अवस्थेत साखर दोन ते चारच्या दरम्यान खाली जाई. पहाटे शरीरातील जागृतीचे अंतःस्राव यकृताचे कोठार उघडीत, आणि प्रयोगशाळेत जाण्याच्या वेळेपर्यंत आकडा पुन्हा सभ्य होऊन बसे. मात्रा बदलेपर्यंतच्या रात्रींपैकी सहा रात्री हे घडलेले दिसले. तिच्या डॉक्टरांनी ती रेष पुन्हापुन्हा पाहिली आणि संध्याकाळची मात्रा कमी केली. यापूर्वी त्यांनी कोणतीही चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे रात्र कधी आलीच नव्हती.

साखर आटोक्यात ठेवण्याचे फायदे निर्विवाद आहेत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासाने असे सिद्ध केले, की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोरपणे सांभाळल्यास डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका तीन-चतुर्थांशाने घटतो. पण त्याच अभ्यासात, काटेकोर उपचार घेणाऱ्यांना साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट आले. अधिक चांगले सांभाळावे तर अधिक धोका पत्करावा, अशी ही कोंडी होती, आणि ती फोडण्याचे सामर्थ्य अखंड नोंदीत आहे. २०१९ पासून जगभरचे तज्ज्ञ सरासरीच्या जोडीने आणखी एक माप वापरतात: ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ गेला. बहुतेक मधुमेहींना तो सत्तर टक्क्यांहून अधिक, म्हणजे सतरा तासांच्या आसपास असावा, आणि ७० च्या खालचा वेळ दिवसाकाठी एका तासापेक्षा कमी असावा. वृद्धांना आणि दुबळ्या माणसांना चढत्या साखरेची थोडी अधिक सवलत देऊन उतरत्या साखरेविषयी याहून कडक राहावे, असा दंडक आहे. आत्याच्या बाबतीत याच दुसऱ्या मापाने डोळे उघडले.

दिवसाच्या रेषेनेही पुष्कळ शिकविले. पेणच्या पोह्यांची न्याहारी झाली की सव्वा तासात आकडा १३० वरून २२० च्या पलीकडे जाई. तांदळाची एक भाकरी, वालाचे बिरडे आणि तव्यावरच्या मासळीचे जेवण झाले तर चढ येई, पण बसका आणि उशिरा उतरणारा. आणि जेवून उठल्यावर वाडीतून समुद्रापर्यंत जाऊन आले तर त्याच भाताचा चढ तीस-चाळीसाने ठेंगणा होई. हे आकडे एका माणसाचे आहेत, दुसऱ्याचे वेगळे येतील, आणि म्हणूनच ते ज्याचे त्याने पाहण्यासारखे आहेत. ‘भात सोडा’ हा उपदेश खारेपाटात राहणाऱ्या माणसाला वीस वर्षे ऐकविला तरी तो पाळत नाही, कारण भात हे त्याचे शेत आहे. तेच त्याला रेष दाखविली, की वाटीभर भात कमी करून बिरडे वाढविणे त्याला स्वतःच सुचते.

अंगाने काटक असलेल्या आत्याला मधुमेह व्हावाच का, हा प्रश्न नातेवाइकांनी अनेकदा विचारला, आणि त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात मिळते. २००४ साली त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही आपल्याकडील देहयष्टी जन्मतःच दिसून येते, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि अर्भके यांच्या १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रमाण सर्वांत अधिक, २६.४ टक्के, आढळले ते गोव्यात. आमच्याच सागरकिनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी.

एवढ्या सगळ्यांनी दंडावर चकती लावावी काय? माझे मत स्पष्ट आहे: नाही. जो गोळ्यांवर आहे आणि ज्याची साखर उतरत नाही, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एखादा पंधरवडा ती लावून आपले खाणे-चालणे तपासावे, एवढे पुरे. ज्याला मधुमेह नाही, त्याने जेवणानंतरचे स्वाभाविक चढ पाहून उगीच धास्तावण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेली मुले, ज्यांना इन्सुलिनवाचून एक दिवस काढता येत नाही आणि ज्यांच्या आया रात्री दोनचा गजर लावून त्यांची बोटे टोचतात; इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रिया; आणि ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होईनाशी झाली आहे असे वृद्ध: यांच्यासाठी ही चैन नव्हे. चौदा दिवसांच्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात. महिन्याला दोन, वर्षाला लाखाहून अधिक. मच्छीमाराच्या किंवा वाडीत रोजंदारी करणाऱ्याच्या घरात हा आकडा उच्चारणेही निष्ठुरपणाचे वाटते. ब्रिटनमध्ये २०२२ पासून पहिल्या प्रकारच्या प्रत्येक रुग्णास अखंड नोंदीचे साधन सरकारी आरोग्यव्यवस्थेतून देऊ करावे, असे मार्गदर्शन आहे. आमच्या जिल्हा रुग्णालयांतून निदान या मुलांना तरी ते मोफत मिळाले पाहिजे. इन्सुलिन द्यावयाचे आणि ते कधी जिवावर बेतते आहे हे पाहण्याचे साधन नाकारावयाचे, ही अर्धी मदत आहे.

बाजारात आणखी एक धोका आहे, आणि त्याविषयी जितके निक्षून सांगावे तितके थोडेच. कातडीत काहीही न घालता, मनगटावर बांधल्याने किंवा बोटात घातल्याने साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या हजार-दोन हजारांत विकल्या जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की कातडी न छेदता स्वतः साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळास वा अंगठीस त्यांनी मान्यता दिलेली नाही. खऱ्या सेन्सरचे आकडे घड्याळाच्या पडद्यावर दिसू शकतात, ती गोष्ट वेगळी. तेथे मोजणारा तंतू दंडातच असतो. पण प्रकाशाचे किरण टाकून साखर ओळखल्याचा आव आणणाऱ्या यंत्राच्या भरवशावर कोणी इन्सुलिनची मात्रा ठरविली, तर ते कोणतीही भरती-ओहोटी न पाहता किल्ल्याकडे चालू लागण्यासारखे आहे.

कोकणच्या हवेचेही काही हुकूम आहेत. चैत्र-वैशाखाच्या घामाने चकतीचा चिकटा कडेने सुटू लागतो, म्हणून तिच्यावर औषधी चिकटपट्टीचे कडे लावावे, मधले बारीक छिद्र झाकू नये. पावसाळ्यात बोटाच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडून भलताच आकडा देतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज दिवसेंदिवस आली नाही. शीतकपाटे बंद पडलेली, अशा वेळी इन्सुलिनची कुपी कोरड्या डबीत घालून ती पाणी झिरपणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवण्याचा जुना उपाय उपयोगी पडतो. दंडावरच्या चकतीची स्वतःची विजेरी असते, ती मोजणे थांबवीत नाही. पण मोबाइल निजला तर आठ तासांपूर्वीची रेष पुसली जाते. ज्याच्या घरी सेन्सर आहे त्याने बोटाचे यंत्र आणि थोड्या पट्ट्या कायम बाळगाव्यात, हे त्या वादळाने ज्यांचे फोन आठवडाभर बंद पाडले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी आत्याच्या दंडावरची चकती खोबरेल लावून हलके हलके सोडविली. खाली एक गोल, फिकट जागा उरली होती आणि तिच्या मधोमध मुंगी चावल्याएवढा तांबूस ठिपका. मात्रा बदलल्यानंतरच्या पाच रात्रींत रेष ९० च्या खाली आली नव्हती. आता सेन्सर नाही. पुढला घ्यावयाचा तो सहा महिन्यांनी. पण आठवड्यातून एक रात्र आत्या तीनचा गजर लावते, बोटाला टोचते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जेथे तिच्या वडिलांच्या काळापासून तिथीशेजारी भरतीची वेळ लिहिण्याची चाल आहे, तेथेच पेन्सिलने आकडा लिहिते. परवा गेलो तेव्हा वद्य षष्ठीच्या चौकोनात दोन नोंदी होत्या: वर ‘साडेचार’, आणि खाली ‘११२’.